नसांच्या दुखण्यावर मेंदूची तालीम: इंदूरच्या घरातून सुरुवात कशी करायची

नागीण बरी होऊन सहा महिने उलटले तरी छातीवरच्या त्या पट्ट्याला पदराचा स्पर्श सोसत नाही. मधुमेहात पाय गेला, जखम भरली, आणि नसलेल्या अंगठ्यात रात्री कळ येते. बाइकवरून पडून खांद्यातल्या नसा ताणल्या गेल्या, हात लुळा पडला, पण त्याच लुळ्या हातात दिवसभर आग. अशी माणसं फिजिओथेरपीला येतात तेव्हा त्यांच्याकडे दोन गोष्टी हमखास निघतात: नसांच्या दुखण्याची प्रेगाबालिन ही गोळी लिहिलेला पर्चा, आणि भाच्याने मोबाइलवर पाठवलेला एक व्हिडिओ. व्हिडिओत कुणीतरी परदेशी बाई डोक्याला पट्टी बांधून टॅबलेटवर खेळ खेळते आणि सांगते की दुखणं कमी झालं. मग प्रश्न येतो, "हे आपल्या इंदूरला कुठे मिळतं हो?"

थोडं मिळतं, थोडं नाही. पण सर्वांत आधी जे करायचं ते घरातच होतं. त्याला फोटो, आरसा आणि घरातलं एक धीराचं माणूस पुरतं. यंत्राची पाळी शेवटी. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हा क्रम मोडू देत नाही, आणि खाली तोच क्रम दिला आहे.

मेंदूचा यात काय संबंध

पावसाळ्यात दारावरच्या बेलच्या वायरीत पाणी शिरलं की दारात कुणी नसताना बेल वाजते. नसांचं दुखणं बरंचसं असं आहे. बोटाला चटका बसतो तेव्हा नस खबर पोचवते आणि जखम भरली की गप्प होते. इथे खबर नेणारी वायरच बिघडलेली असते: साखरेने, नागिणीच्या विषाणूने, अपघाताने, केमोच्या औषधाने किंवा मणक्यात दाबली गेल्याने. ती काही कारण नसताना खबरा पाठवत राहते. महिनोन् महिने हे चाललं की मज्जारज्जू आणि मेंदूही जास्त हळवे होतात, आणि साधा स्पर्शही आगीसारखा जाणवतो. दुखणं तीन महिन्यांच्या वर टिकलं की त्याला जुनाट म्हणतात.

दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूतला शरीराचा नकाशा. हाताची, ओठांची, पायाची जागा मेंदूच्या पृष्ठभागावर ठरलेली असते. हात गेला की त्याची जागा रिकामी राहत नाही, शेजारी सरकून येतात. जर्मनीत हेर्टा फ्लोर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं की हात गमावलेल्यांमध्ये ही सरकासरकी जितकी जास्त, तितकं नसलेल्या हाताचं दुखणं जास्त. त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात व्ही. एस. रामचंद्रन, म्हणजे आपल्याच मद्रासमध्ये डॉक्टरी शिकलेले, अशा रुग्णांसमोर साधा आरसा ठेवून बघत होते. आणि त्याच्याही बरंच आधी, १९६५ मध्ये, रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं होतं की दुखण्याच्या खबरा मज्जारज्जूत एका फाटकातून जातात, आणि ते फाटक किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. त्यांच्या मांडणीतले तपशील पुढे बदलले, पण मेंदू वरून खाली हुकूम पाठवतो ही गोष्ट टिकली. तालमीला जागा मिळते ती इथेच.

"म्हणजे आमच्या ह्यांचं दुखणं मनाचंच आहे, असंच ना?" हे वाक्य सुनेने, मुलाने किंवा बायकोने एकदा तरी म्हटलेलं असतं, आणि रुग्ण तेव्हा खाली बघत असतो. नाही. दुखणं खरं आहे, ते तयार करणारी यंत्रणा बिघडली आहे, आणि त्या यंत्रणेचा एक भाग मेंदूत आहे. घरच्यांना हे आधी नीट समजवा. ज्या घरात "नाटक" हा शब्द चालतो त्या घरात पुढची एकही पायरी टिकत नाही.

पहिली पायरी: निदान, आणि ते कागदावर

आपल्याकडे पायात करंट आला की आधी "नस पे नस चढ़ गई" म्हणून मालिशवाल्याकडे नेतात. मालिश करा, माझी हरकत नाही, पण बधिर पायावर गरम तेल आणि जोराची मालिश म्हणजे भाजण्याला आमंत्रण. आणि त्यात महिने घालवू नका.

खाजगीत न्यूरोलॉजिस्ट असेल तर उत्तम. नाही तर एम. वाय. हॉस्पिटलच्या ओपीडीत सकाळी लवकर जा, जुने सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्या. डॉक्टरांना "खूप दुखतं" एवढंच सांगून उपयोग नाही. जळजळ आहे की करंटसारखी कळ, मुंग्या की बधिरपणा, गार काही लागलं की वाढतं का, कपडा घासला तरी दुखतं का, आणि नेमकं कुठून कुठपर्यंत, हे सांगा. याच प्रश्नांची डीएन-फोर नावाची दहा गुणांची एक यादी डॉक्टर वापरतात, त्यात चार किंवा अधिक गुण आले की दुखणं नसांचं असण्याची शक्यता बळावते.

तपासण्यांत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, आणि बी-१२ व्हिटॅमिनची झाली आहे का ते विचारा. बी-१२ वर माझा विशेष जोर आहे. आपल्याकडे शाकाहारी मंडळी पुष्कळ, त्यात वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू, आणि ही दोन्ही कारणं बी-१२ खाली आणतात. ते भरून काढलं की काही जणांचं निम्मं काम तिथेच होतं. कातडीवर बधिर डाग असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, लाजू नका, त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. चेहऱ्याच्या एका बाजूला वीज चमकल्यासारख्या कळा येत असतील तर तालमीच्या फंदात न पडता आधी न्यूरोलॉजिस्टकडे, कारण त्याची औषधं वेगळी आहेत.

आणि हे दिसलं तर लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा: लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, बसायच्या जागेला बधिरपणा, पाऊल अचानक लटकं पडणं, एका बाजूची ताकद जाणं, दुखण्याबरोबर ताप, मधुमेह्याच्या पायाला काळपट किंवा वाहणारी जखम. ताजी नागीण उठली असेल तर पुरळ आल्यापासून बहात्तर तासांच्या आत विषाणूवरचं औषध सुरू व्हावं, त्यात "विळखा पूर्ण झाला का" हे बघत बसू नये.

चालू गोळ्या, म्हणजे प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, यांतली कुठलीही मनाने बंद करायची नाही. तालीम गोळीच्या जोडीला असते.

दुसरी पायरी: वहीचं एक पान

काहीही सुरू करण्याआधी दोन आठवडे नोंद ठेवा. रोज रात्री तीनच गोष्टी. दुखणं ० ते १० मध्ये किती. झोप किती वेळा मोडली. आणि ठरवलेलं एक काम जमलं का. हे काम तुमच्या रोजच्या जगण्यातलं असू द्या: गच्चीवर कपडे वाळत घालणं, राजवाड्याला रिक्षातून उतरून सराफ्यातून न बसता एक चक्कर मारणं, नातवाला त्या हाताने घास भरवणं. आकडा एकट्याने फसवतो. दुखणं ७ वरून ६ वर आलं आणि माणूस दोन मजले चढायला लागला, तर तो ६ माझ्या दृष्टीने मोठा आहे.

अभ्यासांमध्ये साधारण ३० टक्के किंवा दोन गुणांची घट ही रुग्णाला जाणवण्याजोगी मानतात. ७ वरून ५. शून्याची वाट बघणारे तिसऱ्या आठवड्यात वही टाकून देतात.

तिसरी पायरी: डावा की उजवा

ही आणि पुढच्या दोन पायऱ्या मिळून जी पद्धत होते ती ऑस्ट्रेलियातल्या लोरिमर मोझली यांनी मांडली आणि २००४ साली तिची चाचणी प्रसिद्ध केली. क्रम असा: आधी चित्रातला हात किंवा पाय डावा की उजवा ते ओळखणं, मग हालचालीची नुसती कल्पना, आणि शेवटी आरसा. मूळ चाचणीत प्रत्येकाला दोन आठवडे दिले होते. पुढे त्यांनी क्रम उलटसुलट करूनही बघितला, तेव्हा हाच क्रम सरस ठरला. पुरावा भक्कम म्हणावा इतका नाही, अभ्यास लहान आहेत, पण धोका फार कमी आणि खर्च जवळजवळ नाही, म्हणून मी इथून सुरू करतो.

ही तालीम कुणासाठी? ज्याचं दुखणं एका हाताला किंवा एका पायाला आहे त्याच्यासाठी: नसलेल्या अवयवाचं दुखणं, फ्रॅक्चरनंतर हात सुजून लालनिळा होऊन दुखत राहणं, म्हणजे ज्याला डॉक्टर सीआरपीएस म्हणतात ते, खांद्याच्या नसांची इजा, पक्षाघातानंतरचं एका बाजूचं दुखणं. मधुमेहात दोन्ही पावलं सारखीच जळतात, तिथे आरशात दाखवायला चांगला पाय उरत नाही. त्यांच्यासाठी आणि नागिणीवाल्यांसाठी खाली वेगळं सांगितलं आहे.

चित्रं कशी मिळवायची? रेकग्नाइज नावाचं ॲप आहे, ऑस्ट्रेलियातल्याच एनओआय गटाचं. पण ज्येष्ठ मंडळींना मी कार्डं करायला सांगतो, हातात धरता येतात. घरातल्या कुणाच्याही एका हाताचे (दुखणं पायाला असेल तर पावलाचे) वीस-पंचवीस फोटो काढा: सरळ, मूठ, तळवा वर, बोटं खाली, कपाला धरलेला, पाठीमागून, तिरका. मग मोबाइलच्या एडिटमध्ये प्रत्येक फोटो आडवा फ्लिप करा, डाव्याचा उजवा होतो आणि संच आपोआप दुप्पट. अंगठी, घड्याळ, मेंदी फोटोत नको, नाही तर माणूस हात न ओळखता अंगठी ओळखतो. खजुरी बाजारात जाड कार्डशीट मिळते, तिच्यावर प्रिंट चिकटवा आणि मागे बारीक अक्षरात "डा" किंवा "उ" लिहा.

बसायचं कसं ते एका जोडप्याचं बघा. काका ओटल्यावर, एक पाय पायपुसण्यावर टेकलेला, दुसरा गुडघ्याखाली नाही. काकू समोर पाटावर, कार्डांची गड्डी मांडीवर, मोबाइलचं स्टॉपवॉच चालू. कार्ड दाखवायचं, काकांनी फक्त "डावा" किंवा "उजवा" म्हणायचं. "अहो, पाऊल वळवून बघू नका, नुसतं बघून सांगा," काकू दर दोन मिनिटांनी म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे: स्वतःचा अवयव फिरवून पडताळायचा नाही. उत्तर देताना मेंदू आपण होऊन तो पाय मनातल्या मनात फिरवून बघतो, तालीम ती हीच. दुखऱ्या बाजूची चित्रं ओळखायला पहिल्या दिवशी जास्त वेळ लागतो किंवा जास्त चुका होतात, त्याने घाबरू नका. सुधारायचं काय ते त्यातूनच कळतं.

एका बैठकीला पाच ते दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मोझलींच्या रुग्णांनी जागेपणी दर तासाला केली होती, घरगुती आयुष्यात ते जमत नाही, पण सकाळी एकदा तासभर करून उरकण्यापेक्षा थोडी थोडी विखरून केलेली बरी. शंभरातली ८० उत्तरं बरोबर, दर चित्राला दोन सेकंदांच्या आसपास वेळ, आणि डाव्या-उजव्यात फारसा फरक नाही, असं आठवडाभर टिकलं की पुढे जा. नुसती चित्रं बघूनही दुखणं उसळत असेल तर चित्रं कमी करा आणि साधी निवडा. ते विचित्र वाटतं पण होतं.

चौथी पायरी: न हलता हालचाल

आडवे पडा किंवा खुर्चीत टेका. एक कार्ड बघा, डोळे मिटा, आणि आपला दुखरा हात त्या स्थितीत सावकाश जातोय अशी कल्पना करा, मग परत. दुसऱ्याला बघताय तसं नाही, आतून जाणवायला हवं: कोपराचा भार, बोटं उघडणं. प्रत्येक कार्ड दोनदा. हलायचं नाही. इथे झोप लागते, विशेषतः दुपारी, म्हणून पोहे-जिलबीचा नाश्ता जिरल्यावर अकराच्या सुमाराला ठेवा. याहून जास्त सांगण्यासारखं या पायरीत काही नाही, फक्त कंटाळवाणी आहे म्हणून लोक ती गाळतात आणि थेट आरशाकडे पळतात.

पाचवी पायरी: आरसा

काचवाल्याकडून दीड फूट बाय दोन फुटांचा आरसा आणा, कडा घासून घ्यायला विसरू नका. ॲक्रिलिकचा मिळाला तर हलका पडतो आणि फुटत नाही, फक्त त्यात वाकडंतिकडं दिसत नाही ना ते दुकानातच बघा. प्रतिमा वाकडी असेल तर मेंदू फसत नाही. पायासाठी आरसा लांबट हवा. उभा ठेवायला मागे लाकडी टेकू किंवा दोन्ही बाजूंना पुस्तकांची चळत.

आरसा शरीराच्या मधोमध, चांगला अवयव त्याच्यासमोर, दुखरा अवयव किंवा थोटका भाग आरशामागे, दिसणार नाही असा. दोन्हीकडच्या बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढा. पायाला असेल तर काळा दोरा राहून जातो, तोही काढा. आता थोडं वाकून आरशात बघा, जोवर ती प्रतिमा आपल्याच दुसऱ्या हाताची वाटू लागत नाही. सुरुवातीचे एक-दोन दिवस नुसतं बघणं. मग चांगल्या हाताने सावकाश मूठ उघड-मीट, मनगट वर-खाली, अंगठा एकेका बोटाला. आरशामागचा हात दुखत नसेल तर तोही बरोबर हलवा, दुखत असेल तर गप्प ठेवा. नसलेल्या पायाची आत वळलेली बोटं आरशातल्या पायाबरोबर "सोडून" बघा. काहींना पहिल्यांदाच बोटं सैल झाल्यासारखी वाटतात आणि डोळ्यांत पाणी येतं. काहींना काहीही होत नाही.

पाच मिनिटं पुरे, दिवसातून तीन-चारदा. घाम फुटला, मळमळलं, हाताचा रंग बदलला किंवा दुखणं वाढून तासाभरात खाली आलं नाही तर आरसा उचलून ठेवा आणि आठवडाभर चित्रांवर परत या. घरच्यांना उपास करून दाखवल्यासारखी जिद्द इथे चालत नाही. सीआरपीएसमध्ये तर थेट आरशाने दुखणं वाढू शकतं.

दोन्ही पाय जळणाऱ्यांसाठी आणि नागिणीनंतरच्यांसाठी

तुमच्यासाठी स्पर्श ओळखण्याची तालीम आहे. फ्लोर यांच्याच गटाने २००१ मध्ये अवयव गमावलेल्यांवर ती करून बघितली होती, तुमच्या प्रकारात तिचा पुरावा तुटपुंजा आहे, तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा. डोळे मिटायचे. घरच्या माणसाने पेनचं टोपण किंवा कापसाचा बोळा ठरवलेल्या चार-पाच जागांपैकी एका जागी टेकवायचा, तुम्ही जागा आणि वस्तू ओळखायची. नुसतं घासून घेण्याने काही होत नाही, ओळखण्यासाठी लक्ष द्यावं लागतं, सगळी मदार त्यावर. नागिणीच्या पट्ट्यावर थेट न जाता कडेच्या चांगल्या कातडीपासून सुरू करून दिवसागणिक आत सरका. कातडी फुटलेली असेल तर नाही. मधुमेह्याच्या पायावर टोकदार, गरम, गार काहीही नाही, आणि बैठकीनंतर तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात बघायच्या.

सहावी पायरी: डोक्यावरची पट्टी, म्हणजे न्यूरोफीडबॅक

आता व्हिडिओतल्या बाईकडे येऊ. मेंदूतल्या विजेच्या लहरी टाळूवरून मोजता येतात, जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाचा पहिला ईईजी, म्हणजे या लहरींचा आलेख, १९२४ साली घेतला. लहरी वेगाप्रमाणे ओळखतात: थीटा सेकंदाला ४ ते ८, अल्फा ८ ते १२, बीटा १३ ते ३०. नसांच्या जुनाट दुखण्यात बऱ्याच जणांमध्ये थीटा आणि वेगवान बीटा वाढलेल्या आणि अल्फा कमी झालेल्या दिसतात. न्यूरोफीडबॅकमध्ये हे आकडे खेळाच्या रूपाने समोर येतात: लहरी हव्या दिशेने गेल्या की पडद्यावरचं पाखरू वर उडतं, नाही तर खाली येतं. पाखरू कसं उडवायचं ते कुणी शिकवत नाही, शांत श्वास, एखादी आठवण, काहीही, ज्याचं त्याने शोधायचं. पट्टी फक्त मोजते, डोक्यात करंट सोडत नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा.

व्हिडिओ बहुधा सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या पेनवेव्ह प्रकल्पाचा असतो. सिल्विया गस्टिन यांच्या गटाने २०२५ मध्ये तो प्रसिद्ध केला. रुग्णांनी घरीच चार आठवडे पट्टी लावून टॅबलेटवर खेळ खेळले, आणि चारपैकी तिघांचं दुखणं लक्षणीय कमी झालं. वाचून उत्साह येतो. पण रुग्ण चारच होते, आणि दुखणं डोळ्याच्या बुबुळावरच्या नसांचं होतं. याआधी ग्लासगोत मणक्याच्या इजेनंतरच्या दुखण्यावर असेच छोटे अभ्यास झाले. दिशा चांगली आहे. एवढ्यावर कर्ज काढू नका.

इंदूरमध्ये किंवा बाहेर कुणी पॅकेज विकायला आलं तर मी विचारतो ते प्रश्न तुम्हीही विचारा. सेन्सर डोक्यावर कुठे लावणार? दुखण्यासाठीच्या अभ्यासांत ते बहुतेक माथ्यावर, मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पट्ट्यावर असतात. ध्यानासाठी विकल्या जाणाऱ्या म्यूजसारख्या पट्ट्यांचे सेन्सर कपाळावर आणि कानांमागे असतात, त्या चित्त शांत करायला ठीक, पण त्या माथ्यावरचं मोजत नाहीत. कुठल्या लहरी वाढवणार, कुठल्या कमी करणार? "मेंदू संतुलित करतो" हे उत्तर आलं तर नमस्कार करून उठा. दुखण्याचा आकडा कोण, केव्हा लिहिणार? दहा बैठकांनंतर फरक नसेल तर थांबता येईल का, की सगळे पैसे आधी? साधारण वीस ते चाळीस बैठका लागतात, तेव्हा दर बैठकीचा भाव लेखी घ्या. आणि "गोळ्या बंद होतील" अशी हमी देणारा माणूस सपशेल टाळा.

बैठकीला जाताना केसांना तेल नको. आपल्याकडे आई रविवारी चंपी करून देते आणि सोमवारी बैठक असते, मग सेन्सरला टाळूच सापडत नाही. आदल्या रात्री शांपू, तेल दोन दिवस बंद. बैठकीत दात आवळू नका, कपाळाला आठ्या घालू नका: जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठी असते, बीटाचा आकडा खोटाच वाढतो. दुखणारा माणूस दात आवळूनच बसलेला असतो, म्हणून ओठ मिटून दात सुटे ठेवायचे, जीभ सैल. घरी पट्टी वापरत असाल तर टॅबलेट चार्जिंगला लावून बसू नका आणि इन्व्हर्टरपासून लांब बसा, आपल्या विजेची ५० हर्ट्झची भुणभुण मोजणीत शिरते. खोली शांत हवी. रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीच्या दिवशी राजवाड्याजवळ राहणाऱ्यांनी सुट्टी घ्यावी.

मिरगी असेल किंवा कधी झटका आला असेल तर न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

करंट, चुंबक आणि व्हीआर

ऑनलाइन स्वस्तात मिळणारी, डोक्याला करंट देणारी यंत्रं घरी वापरू नका, मुद्दा संपला.

चुंबकाने मेंदूला चेतना देणारी टीएमएस वेगळी. दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध बाजूच्या हालचालीच्या पट्ट्यावर तिचे ठोके देतात, आणि नसांच्या दुखण्यात या सगळ्यांत तिचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे. ती हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात ऐकू येण्यासाठी बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट असेल, मिरगी असेल, पेसमेकर असेल तर आधी सांगा. परिणाम टिकवायला पुन्हा पुन्हा जावं लागतं, म्हणून खर्च आणि येणं-जाणं धरून ठरवा.

व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणाऱ्या चष्म्याबद्दल एवढंच: अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये अशा एका आठ आठवड्यांच्या कार्यक्रमाला परवानगी दिली, पण ती जुनाट कंबरदुखीसाठी, नसांच्या दुखण्यासाठी नाही. मॉलमधला चष्मा लावून रोलर कोस्टर बघितल्याने चक्कर येईल, दुखणं जाणार नाही.

आठ आठवड्यांनी

वहीचे पहिले दोन आठवडे आणि शेवटचे दोन आठवडे शेजारी ठेवा. दुखण्यात दोन गुणांची घट, किंवा झोपेत फरक, किंवा ठरवलेलं काम जमायला लागलं, यांतलं एक जरी असेल तरी चालू ठेवा, बैठका कमी करून. तिन्हींत काहीच नसेल तर ही तालीम तुमच्यासाठी नाही, सोडा आणि डॉक्टरांकडे दुसऱ्या उपायांबद्दल बोला. मध्ये एखादा आठवडा वाईट जातो, लग्नघरातली धावपळ, साखर चढलेली, जागरण, तो एकटा धरून निकाल लावू नका.

तीच वही पुढच्या तपासणीला घेऊन जा. फरक पडला असेल तर गोळी कमी करायची का, ते डॉक्टर ठरवतील. कमी करतील तेव्हा हळूहळू आणि एका वेळी एकच गोळी, आणि त्या आठवड्यांत तालमीत काहीही नवीन जोडू नका. नाही तर कशाने वाढलं आणि कशाने उतरलं याचा पत्ता लागत नाही.